लाल बाणांचा फोटो

नोकरीतले किस्से असे साचत जातात, की सांगायला बसलं तर चहा दोनदा गरम करावा लागतो. ऐकणारे हसतात. मीही हसते. पण खरं सांगू? सोळा वर्षं एकाच कंपनीत काढल्यावर आता हसायचाही कंटाळा येतो.

कंपनी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत. शर्ट शिवतो आम्ही. मी क्वालिटीची इनचार्ज. शर्टात फॉल्ट दिसला की तिथं लाल बाणाचा छोटा स्टिकर लावायचा, आणि बाणाचं टोक नेमकं फॉल्टवर! चेकिंगच्या बायकांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. टोक इकडेतिकडे गेलं की माझं डोकं फिरतं.

तीन वर्षांपूर्वी नवे डायरेक्टर आले. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणतो. "ही कंपनी नाही, परिवार आहे!" हे त्यांचं आवडतं वाक्य. पहिल्या दिवाळीला त्यांनी परिवाराचा मोठा फोटो काढून रिसेप्शनमध्ये टांगला. मधोमध खुर्चीत साहेब, मागे-पुढे आणि दोन्ही कडांना आम्ही सगळे. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी.

मग एकानं राजीनामा दिला. साहेबांनी माझ्याकडून लाल बाण मागवला आणि फोटोच्या काचेवर, त्या माणसाच्या तोंडावर शिपायाला चिकटवायला लावला. "डिफेक्ट होता, निघाला!" तेव्हापासून ती पद्धतच पडली. कुणी गेलं की शिपाई नामदेवभाऊ माझ्या टेबलाशी येणार, मान खाली घालून म्हणणार, "मॅडम, येक बाण द्या." आणि मी देणार.

* * *

सोमवारच्या मीटिंगमधल्या खुर्च्या साहेबांनी काढून टाकल्या. म्हणे, उभं राहिलं की मीटिंग लवकर संपते! साहेबांची स्वतःची खुर्ची मात्र राहिली, त्यामुळे मीटिंग दोन तास चालायची.

आमचे लाईन सुपरवायझर वानखडेभाऊ. गुडघे गेलेले. एका सोमवारी त्यांनी सरळ फरशीवर बैठक मारली.

"हे काय वानखडे?"

"साहेब, तुमच्या पायापाशी बसलो."

साहेब इतके खूश झाले! "बघा, याला म्हणतात आदर!"

पुढच्या सोमवारी सगळा स्टाफ फरशीवर.

* * *

एकदा सूचनापेटी आली. 'मनातलं लिहा, नाव लिहू नका.' पेटीच्या बरोबर वर कॅमेरा. महिनाभर पेटी रिकामी. मग एक चिठ्ठी निघाली, 'कृपया कॅमेरा बाजूला करावा.' टाकणाऱ्यानं तोंडाला दुपट्टा बांधलेला, त्यामुळे कॅमेऱ्यात काही कळेना.

साहेबांनी हुकूम काढला, प्रत्येकानं तीच ओळ स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायची. अक्षर जुळवून चोर पकडणार! दुपारपर्यंत साहेबांच्या टेबलावर दीडशे कागद, आणि प्रत्येकावर 'कृपया कॅमेरा बाजूला करावा'.

* * *

हे हसण्याचे झाले. हा नाही.

वानखडेभाऊंच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. एक दिवसाची सुट्टी मागितली. साहेब म्हणाले, "तारीख नाही का बदलता येत?"

"येते ना साहेब. पण मंग पाव्हनेबी बदलतीन."

नाहीच मिळाली सुट्टी. त्या दिवशी भाऊ दोन नंबरच्या लाईनजवळ मोबाईलचा स्पीकर लावून उभे. तिकडे मुलीला कुंकू लावत होते, इकडे मशिनींचा खडखडाट. नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं, "व्याहीबुवा, तुमच्याकडे पाऊस सुरू हाय काय?"

भाऊ म्हणाले, "हो, लय सुरू हाय." आणि फोन ठेवून तोंड पुसत बसले. मला इतका राग आला होता, पण मी काय केलं? काहीच नाही. महिन्याभरात भाऊंनी नोकरी सोडली. नामदेवभाऊ आले, "मॅडम, येक बाण द्या." तोही मीच दिला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

* * *

माझा राजीनामा चार महिने टाईप होऊन पडला होता. ड्रॉवरमध्ये, बाणांच्या रोलखाली. अकोल्याला एका छोट्या युनिटमध्ये बोलावणं होतं. माझं माहेर तिथलंच, जुन्या शहरातलं. शनिवारपर्यंत काय ते कळवायचं होतं.

आईला फोन केला. "तुले तठी दाव्यानं बांधलं हाय काय?" आईचं सगळं असंच, एका वाक्यात.

मला अडवत होत्या माझ्या बारा चेकिंगवाल्या. मी गेले तर साहेब यांच्यावर राग काढतील, हे एकच डोक्यात. शेवटी त्यांच्यातल्या शोभाला विचारलंच, "मी गेले तर तुमचं कसं गं?"

ती शर्ट उलटा करता करता म्हणाली, "मॅडम, तुमी थांबल्यानं आमचं काय बदललं? तुमचं तोंड तेवढं उतरलं."

 

* * *

शुक्रवारी बाहेरगावच्या खरेदीदाराचे इन्स्पेक्टर आले. रिसेप्शनमध्ये चहा पीत फोटो पाहत होते. "हे बाण कशाचे, मॅडम?" मी सांगितलं. त्यांनी बोटानं एकेक बाण मोजला.

मग म्हणाले, "एकाच लाईनमधून इतके पीस लाल निघाले, तर तुम्ही काय करता?"

"लाईन थांबवते. मशीन तपासते."

"बरोबर," म्हणाले आणि उरलेला चहा प्याले.

मी टेबलाशी आले, रोल उचलला, खालचा कागद काढला आणि साहेबांना नेऊन दिला. त्यांनी वाचला. मी समोर उभी असताना बेल दाबली. "नामदेव, मॅडमकडून एक बाण आण."

नामदेवभाऊंनी दारातूनच विचारलं, "कोनासाठी साहेब?"

मी म्हटलं, "राहू द्या भाऊ. माझा मी लावीन, शेवटच्या दिवशी."

* * *

शेवटच्या दिवशी लंच टाईमला सगळे डबे उघडून बसलेले. मी रिसेप्शनमध्ये स्टूल घेऊन फोटोसमोर गेले. जवळून पाहिलं तर अरे बाप्पा! नामदेवभाऊंनी बाण कसेही लावलेले. कुणाचं टोक आभाळाकडे, कुणाचं भिंतीकडे. सोळा वर्षांत माझ्या टेबलावरून असं काम पुढं गेलं नाही.

नखानं एकेक सोडवला आणि नीट लावला. मागच्या रांगेतले खाली वळवले, पुढचे वर, कडेचे आत. वानखडेभाऊंचा थोडा तिरपा घ्यावा लागला. माझा सगळ्यात शेवटी, आडवा. मग स्टूल जागेवर ठेवलं आणि डबा खायला गेले.

अकोल्याला रुजू झाले त्याच आठवड्यात नामदेवभाऊंचा फोन आला.

"मॅडम, साहेब सकाळपासून तीनदा फोटोसमोर जाऊन उभे रायले. मले इचारत होते, यात काही बदललं काय म्हणून."

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"म्या म्हटलं, नाई साहेब. मानसं तर जागच्या जागीच हायेत."