सांगून बंद पडणारं इंजिन

“घेणार ती मुलगीच असेल, बाईंना फिरायला आणलंय,” हँगरच्या दाराआड विमान विकणारे गृहस्थ आपल्या मेकॅनिकला हळूच म्हणाले. मी ऐकलं. आत्यानंही ऐकलं असणार. मी मान खाली घालून चपलेची माती फरशीवर घासत राहिले.

माझी कुसुमआत्या पिंपळगाव राजाची. कॉलेजात एनसीसीत ती ग्लायडर उडवायला शिकली, पुढे छोटं विमान चालवायचं लायसन्स काढलं, मग लग्न होऊन भेंडी-वांग्यांच्या मळ्यात गेली. मुलं मार्गी लागल्यावर तिनं ते लायसन्स पुन्हा चालू करून घेतलं. नांदुऱ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती वावरं पारखायची. हरभरा काढलेलं मोकळं रान दिसलं की साऱ्या बसला ऐकू जाईल असं सांगायची, “इथी उतरता येते. त्या कपाशीच्या पऱ्हाटीत नोको जाऊ, चाकं गुततीन.” लोक वळून बघायचे. मी पुस्तकात तोंड खुपसायचे, जणू ही बाई माझ्याबरोबर नाहीच.

त्या दिवशी आत्या घ्यायला आली होती ते विमान जुनं, दोन माणसांचं, कापडी पंखांचं. मूळचं इंजिन काढून बाजूला ठेवलेलं. तेच दुरुस्त करायचं की मोटारीचं नवं बसवायचं, एवढंच ठरायचं होतं. मोटारीचं स्वस्त पडतं, सुटे भाग कुठंही मिळतात, असं ते गृहस्थ इंग्रजीत सांगत होते, तेही मला. बॅटरी मेली तर ठिणगी कुठून येणार, असं आत्यानं विचारलं. त्याचं उत्तरही त्यांनी मलाच दिलं.

आत्याला इंग्रजी येतं, वायरलेसवर ती तेच बोलते. पण “आभायात इंग्रजी, खाली आपली बोली” हा तिचा नियम. त्या चकचकीत हँगरमध्ये तिची बोली ऐकून माझे कान तापत होते.

“जुनं इंजिन आपली ठिणगी आपनच पाडते,” ती म्हणाली. “अन् बंद पडाच्या आंधी खोकते, थरथरते. तेवढ्यात मानूस वावर शोधते. हे नवं न सांगता बंद पडलं तं मी कुठी पाहू?”

गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. मी मान हलवली. समोरच्याचं बोलणं लवकर संपावं म्हणून मी शाळेपासून अशीच मान हलवत आले आहे.

“मॅडमना पटलंय,” ते मेकॅनिकला म्हणाले. “मोटारीचंच बसव.”

आत्या रागावली नाही. चारचौघांत भाचीला खोटं पाडणं तिच्या स्वभावात नाही. दुकानात परत करायच्या साडीवरून फिरवावा तसा ती पंखाच्या कापडावरून हात फिरवू लागली. उडणार ती होती, आणि इंजिन माझ्या मानेनं ठरवलं होतं.

मेकॅनिकनं पाना उचलला. माझा आवाज फुटला तो नको इतका मोठा.

“थांबा. मला यातलं काही कळत नाही. विमान माझी आत्या चालवते. तिला विचारा.”