खळ लावलेला कॅनव्हास
मैद्याची शिळी खळ आंबल्याचा वास आला की लिंबायत वस्तीतली आमची दमट खोली आठवते. घरात वडिलांचा एकही धड फोटो नव्हता, म्हणून वर्षश्राद्धासाठी मी अ‍ॅक्रिलिक रंगात त्यांचं चित्र काढत होते. कापडावर आधी जेसोचा पांढरा थर लागतो, असं सांगितल्यावर लूमवर ताण्याच्या सुताला खळ लावण्यात आयुष्य गेलेली आई म्हणाली, "आपुन तानाले खळ लावतस ना, तशीच लाव. कापड कसं ताठ व्हई जाई!" कापड खरंच ताठ झालं, चेहराही हुबेहूब उतरला. मी ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं. श्राद्धाच्या सकाळी उघडलं तर कुजका भपकारा आला. वडिलांच्या गालांवर काळी बुरशी होती, कपाळावरचा रंग सालीसारखा सुटला होता आणि खालच्या चिकट लगद्यात झुरळं वळवळत होती. काका नाक दाबून ओरडले, "फेकी दे ते खाडीमा!" आई मात्र उघड्या बोटांनी तो बुळबुळीत लगदा निपटत राहिली. "डोया तरी वाचतीन ना, पोरी?" मला ओकारी आली, मी बाहेर धावले. डोळेही वाचले नाहीत. पुढे तिच्याच कष्टांवर मी घरातली पहिली पदवीधर झाले. पदवीच्या दिवशी तिने त्याच बोटांनी भरवलेला पेढा मी श्वास रोखून गिळला, आणि आजही तिच्या हातचा घास तसाच गिळते.