मध्यंतरानंतरची मैफल

आमच्याकडे अमेरिकेत आलेल्या सासूबाईंना युरोप बघायचा होता. पण २००४ साली आम्ही नवरा-बायको मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये राहत होतो आणि आमच्या पासपोर्टांवरचे व्हिसाचे शिक्के संपले होते. अमेरिकेत राहायला हरकत नव्हती, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का मिळेपर्यंत परत यायची सोय नाही. मग युरोप कॅन्सल केला आणि दुधाची तहान ताकावर म्हणून न्यू ऑर्लिन्स ठरवलं. तिथली जुनी फ्रेंच वस्ती, लोखंडी जाळीचे सज्जे आणि रात्री उशिरापर्यंत चालणारं संगीत. हे ताक इतकं गोड निघेल असं वाटलं नव्हतं.

सासूबाई नागपूरच्या आणि गाण्याच्या वेड्या. विमानात त्यांनी मला सांगितलं, की आयुष्यात एकही मैफल त्यांनी शेवटपर्यंत ऐकलेली नाही. मध्यंतर झालं की उठायचं आणि घर गाठायचं.

"भैरवी मी फक्त रेडिओवर ऐकली बघ," त्या म्हणाल्या. मैफल भैरवीने संपते, आणि नेमका तो शेवटच त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. "या वेळी मात्र पूर्ण ऐकीन. पण त्याला नको सांगू हं."

त्याला म्हणजे त्यांच्या मुलाला, माझ्या नवऱ्याला. का नको, ते काही बोलल्या नाहीत.

माझा नवरा म्हणजे सावधगिरीचा पुतळा. संध्याकाळी त्याने आम्हाला हॉटेलच्या खोलीत बसवून चक्क मीटिंग घेतली. उजेडाचा, गर्दीचा रस्ता सोडायचा नाही. ग्लास टेबलावर ठेवून उठायचं नाही. परत येताना चालायचं नाही, दारावरच्या माणसाला सांगून टॅक्सी मागवायची. आणि दहाला खोलीत. पासपोर्ट आणि पैसे ठेवायला त्याने शर्टाच्या आत बांधायचा खास पट्टा आणला होता.

"काय करून राहिला रे हा?" म्हणत सासूबाईंनी आपल्या नोटा रुमालात बांधल्या आणि कमरेला खोचल्या. मी पोट धरून हसले. पण खरं सांगते, त्याच्या त्या नियमांमुळेच आम्ही बिनघोर हिंडलो.

आणि काय तो रस्ता! कोपऱ्यावर एक म्हातारा ट्रम्पेट वाजवत होता, सज्ज्यांमधून लोक ओळख नसताना हात हलवत होते. कुणीतरी सासूबाईंच्या गळ्यात मण्यांची माळ घातली. अनोळखी माणसाशी इतकं मोकळं वागणारं शहर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला ते फार आवडलं.

जॅझच्या क्लबपाशी एक धिप्पाड माणूस प्रत्येकाचा आयडी बघत होता. साठी उलटलेल्या सासूबाईंनाही त्याने सोडलं नाही. त्यांचा पासपोर्ट नवऱ्याच्या पट्ट्यात, पट्टा शर्टाखाली आणि शर्ट पँटमध्ये खोचलेला. भर रस्त्यात बिचाऱ्याला पोट उघडं टाकावं लागलं. मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. "एंजॉय, यंग लेडी," म्हणत त्या माणसाने दार उघडलं तेव्हा सासूबाई नव्या नवरीसारख्या लाजल्या.

आत जुने लाकडी बाक होते आणि वाजवणारे हाताच्या अंतरावर. सासूबाईंना त्यातलं इंग्रजी कळत नव्हतं, पण दुसऱ्याच गाण्याला त्यांचा हात गुडघ्यावर बरोबर ठोक्याला पडू लागला. क्लॅरिनेटवाल्याने ते पाहिलं आणि तो त्यांच्याकडे बघूनच वाजवायला लागला. मी आयुष्यात इतकी खूश बाई पाहिली नाही.

मग ब्रेक झाला. वादकांनी वाद्यं खाली ठेवली आणि सासूबाई उठल्या. कुणी काही म्हटलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला, पायाने चपला चाचपल्या.

"चला, एकदम टायमात," नवरा म्हणाला. "दहा वाजतच आलेत."

"आई, अजून पुढे आहे. बसा," मी म्हणाले.

"हो नं, विसरलेच," त्या म्हणाल्या. पण बसल्या नाहीत, मुलाकडे बघत उभ्याच राहिल्या. विमानातला तो निश्चय गेला कुठे? मला इतका संताप आला की मी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं, भैरवीसकट.

तो आईकडे वळून म्हणाला, "बाबा लवकर घरी बोलवायचे ना तुला?"

"तुझे बाबा काहून बोलावतील?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "मी घरी येईपर्यंत तू झोपायचा नाहीस रे. दारात बसून राहायचास."

आता त्याला का सांगायचं नव्हतं, ते मला कळलं.

नवरा तडक बाहेर गेला. काचेतून दिसत होतं, तो त्या धिप्पाड माणसाशी बोलत होता. परत आला तेव्हा म्हणाला, "कार्यक्रम संपला की टॅक्सी येईल. आई, तू आरामात ऐक. मी आहे दारापाशी."

शेवटची धून संथ होती. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

"ही यांची भैरवी नं?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

मी मागे वळून पाहिलं. दाराजवळच्या बाकावर नवरा टक्क जागा होता, आईकडे बघत.