चुलीतली पिवळी रेघ

"वैनी, चिमूटभर मीठ द्या नं!"

संध्याकाळी दारात हा आवाज आला की समजावं, शेजारचे गुरुजी आले. कामरगावच्या शाळेत शिकवायचे. मीठ भाजीत घालायला हवं असेल म्हणता? छे! माझ्याच चुलीत टाकायचे. चुलीपुढे चीर पाडलेला पत्रा उभा करायचे आणि लांब बसून झुंबराच्या लोलकातून त्या चिरेकडे बघत राहायचे.

जाळात मीठ टाकतात ते नजर काढायला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. झालं! बाया लेकरं घेऊन माझ्या दारात. गुरुजी चिडले नाहीत. "काढतो नजर, पण पहिले यातून पाहा," म्हणायचे. बाया लोलक डोळ्याला लावत, हात जोडत आणि म्हणत, "झालं दर्शन!" गुरुजी कपाळावर हात मारून घेत.

मी मात्र सरळ सांगितलं, "मले तं काहीच दिसून नाही राह्यलं."

काय खूश झाले! "तुमीच खरं बोलता, वैनी." मग हळूच म्हणाले, "माह्या डोळ्यांवर पडदा येऊन राह्यला. पार अंधार व्हायच्या आत एकाले तरी ती मिठाची रेघ खरीखुरी दिसू द्या."

तेव्हापासून माझाही जीव त्यात अडकला. रोज भाकरी टाकून झाल्या की लोलक घेऊन बसायची. एके दिवशी गुरुजींनी मीठ टाकलं आणि रंगांच्या पट्ट्यात लख्ख पिवळी रेघ उठली. मी ओरडलेच, "अगं बाई! दिसली!"

गुरुजींचे डोळे भरून आले. "मीठ कुठंही तापू द्या, रेघ हीच, याच जागी. आकाशात लई दूर ताऱ्यांमधात वायूचे ढग हायेत, तिथूनही अशा रेघा येतात. लाल हायड्रोजनची, हिरवी ऑक्सिजनची. त्याच्यावरून समजते, तिथं काय हाये, किती तापलं हाये. आन् रेघ जागची सरकून लालाकडं गेली, तर ते आपल्यापासून दूर चाललं."

जवळच्या इंझोरी गावाच्या पलीकडं मी कधी गेले नव्हते. आणि माझ्या चुलीतलीच रीत तिथपर्यंत चालते? दूध उतू गेलं तरी मला भान नव्हतं.

पुढे त्यांना दिसेनासं झालं. तरी चाचपडत यायचे, मीठ टाकायचे.

"हाये का जागेवर?"

"हाये, गुरुजी."

तेवढ्यावर समाधानानं घरी जायचे.

ते वारले, लोलक माझ्याकडेच राहिला. कितीतरी दिवस हात लावायचा धीर झाला नाही. शेवटी एका संध्याकाळी मीच चुलीत मीठ टाकलं. वेडी भीती वाटत होती, आज रेघ लालाकडं गेलेली दिसेल. लोलक डोळ्याला लावला.

रेघ जागची तसूभर हलली नव्हती.

"हाये, गुरुजी," मी मोठ्यानं म्हणाले.