सोडलेल्या नवऱ्याची उधारी

पारनेरच्या स्टँडवर एसटी सुटेपर्यंत आई एकच सांगत होती, "चार माणसांत शोभा होऊ देऊ नगंस." माझी कुसुम तिच्या कडेवर होती, दीड वर्षाची. "सहा महिन्यांत हिला न्यायला येते," मी म्हणाले. शेवंते, तू धाकटी, पण ते ऐकलंस, आणि पुढं चार वर्षं प्रत्येक पत्रात विचारत राहिलीस, ताई, पोरीला कधी नेणार? मी उत्तर टाळत होते. आता सांगते. आपल्या गावच्या ज्या बाया माझ्यामागून इकडं निघाल्यात, त्यांच्याही कानावर घाल.

पिंपरीला औषधांचा कारखाना नवा निघाला होता. बाटल्या धुवायला बायका घेत होते, त्यात मला काम लागलं. भोंगा, शिफ्ट, ओव्हरटाइम हे शब्द महिन्याभरात तोंडात बसले, आणि वर्षात मी कायम झाले. तुझ्या दाजींचं मात्र कुठंच जमेना. एका जागी साहेब वाईट, दुसरीकडं मशीन वाईट. नाचता येईना, अंगण वाकडं! मग त्यानं चाकणकडं दुसरं घर केलं. मी रडले, भांडले, शेवटी पारनेरला येऊन पंचांपुढं काडीमोड घेतली, ते तुला माहीत आहे. ज्यांच्याबरोबर खोलीत राहायला गेले त्या बायका म्हणाल्या, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. मलाही तसंच वाटलं.

खोकला कसला जातोय! पुढच्या पगाराला कारखान्याच्या फाटकावर चिंचवडचा कापडवाला उभा. म्हणाला, "बाई, तुमच्या नावावरची उधारी राहिलीय." मी त्याच्या दुकानाची पायरीही कधी चढले नव्हते. पण भोवती सगळी शिफ्ट सुटलेली, बाया माना वळवून बघताहेत. मला आईचे शब्द आठवले आणि मी मुकाट्यानं पैसे दिले.

तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. बाई देते म्हणजे देणं तिचंच, असा बाजारात बोभाटा झाला. पुढच्या पगाराला फाटकावर तिघं. वाणी, सायकलवाला आणि चहाचा हॉटेलवाला. काडीमोड होऊन दोन महिने झाले तरी हा माणूस माझ्या नावावर टायर घेत होता, चहा-भजी खात होता. आणि कापडवाल्याचं ते काय होतं माहितीय? लाल काठाचं लुगडं. तिच्यासाठी! मी बाटल्या धुऊन धुऊन हातांची सालं काढायची, आणि तिनं माझ्या पगाराचं लुगडं नेसून मिरवायचं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणखी एक सांगते, हसू नकोस. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर त्या माणसानं घरात माझं नाव म्हणून कधी घेतलं नाही. नेहमी "अगं ए". चारचौघांत बायकोचं नाव घ्यायला म्हणे लाज वाटते. दुकानात मात्र, "सरूबाईच्या नावावर लिहा, कारखान्यात कायम आहे." तिथं कशी लाज वाटली नाही?

मी एकेका दुकानात जाऊन सांगितलं, आमची काडीमोड झालीय. वाणी म्हणाला, "झाली असंल, पण आम्हाला कुठं कोण सांगायला आलं?" त्याचंही खरंच होतं. पंचांनी काडी मोडली पारनेरला, चिंचवडच्या बाजाराला काय कळणार? इकडं दोन वर्षं खोलीसाठी साठवायचे ते पैसे त्यांच्या घशात गेले. स्वतंत्र खोली नाही तोवर कुसुमला आणायचं कुठं? आम्ही पाच बाया एका खोलीत, पाय पसरायला जागा नाही. सगळ्या रागाचं मूळ तेच होतं. लुगडं गेलं चुलीत, माझी पोर दुसऱ्याच्या मांडीवर वाढत होती.

म्हणून मी चिंचवडच्या पाटलांकडं गेले. म्हटलं, बाजारादिवशी दवंडी द्यायचीय. पाटील म्हातारे, जुने. म्हणाले, "नवऱ्यानं बायकूची दवंडी दिल्याली ऐकलीय. बायकूनं नवऱ्याची? आसं न्हाई झालं आजवर."

"मग आता होऊ द्या," मी म्हटलं, "आणि नवरा नाही तो आता माझा."

हलगीवाला शब्द गाळेल म्हणून मी त्याच्या शेजारी उभी राहिले. ऐका हो ऐका, अमक्याचा सरूबाईशी संबंध राहिला नाही, तिच्या नावावर कोणी उधार देईल तर पैसे बुडाले समजावं. बाजार हसला. कोणीतरी शिट्टी मारली. तरी तीनदा फिरवलं त्याला. नवी उधारी त्या दिवसापासून थांबली. आधी दिलेला एक पैसाही कोणी परत केला नाही, मेल्यांनी. आईला कळलं तेव्हा तिनं लिहून पाठवलं, अखेर शोभा करून घेतलीसच. आईला सांग, पहिल्याच दिवशी फाटकावर करून घेतली असती तर पोर दोन वर्षं आधी आली असती.

थेरगावच्या एका म्हातारीनं ती दवंडी ऐकली होती. घरं भाड्यानं देणारी, शेतकरी बाई. एकट्या बाईला कोणी खोली देत नव्हतं, तिनं दिली. म्हणाली, "बाजारात उभी ऱ्हाऊन खरं बोललीस, तू भाडं बुडवायची न्हाईस." दिवाळीत मी कुसुमला घेऊन आले. तरी महाळुंगे, चाकण, जिथं हलगी पोचली नव्हती, तिथले लोक अधूनमधून दारात यायचेच. मी ड्यूटीवर असायची, म्हणून पोरीला काय बोलायचं ते शिकवून ठेवलं.

गेल्या रविवारी मी आत भाकरी थापत होते. दारात कोणीतरी विचारलं, "आई हाय का गं?" आवाज ऐकला आणि माझे हात थांबले. तोच होता, कुसुमचा बाप. कुसुम उंबऱ्यात उभी राहून घडाघडा बोलली, "उधारीचं असंल तर त्या माणसाचा आन् आमचा काई संबंध न्हाई. दवंडी दिलीया आमी."

तो म्हणाला, "बरं, बाळ," आणि गेला.

शेवंते, तू विचारतेस, आता घरी कधी येणार? अगं, मी घरीच आहे. ज्या दारातून त्याला परत जावं लागलं, ते घर माझं. पण तुला खरं सांगते, भाकरी करपली तरी मला उठवेना. कुसुम आत येऊन म्हणाली, "बरूबर बोलले ना गं? कोण व्हता?"

"बरोबर बोललीस," मी म्हटलं. कोण होता ते अजून सांगितलेलं नाही.