डोळे मिटलेला फोटो

उत्रोलीत नूतनच्या लग्नात मंगलाष्टकं संपत आली आणि भोरच्या जलाल फोटोवाल्याच्या डिजिटल कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. एक फोटो पुसल्याशिवाय हार घालतानाचा निघणार नव्हता. लग्नाचा नसलेला फोटो एकच होता, फॉर्मसाठी काढलेला समीनाचा, डोळे मिटलेला. वर्षभर त्यानं तो जपला होता. का, ते समीना सोडून अख्ख्या भोरला ठाऊक!

नवरीची मैत्रीण म्हणून समीना शेजारीच उभी होती. तिनं डोकावून पाहिलं.

“हा अजून हाय व्हय? पुसा की!”

जलालचं बोट हलेना.

“पुसा हो. शुक्रवारी अम्मीला घेऊन दुकानात येते. मग चांगला काढा, जलाल.”

सगळं भोर त्याला जलालभाई म्हणतं. हिनं भाई गाळलं. जलालनं लगेच बटण दाबलं. हाराचा फोटो झकास आला, पण नवरदेवापेक्षा फोटोवालाच जास्त लाजत होता.