मावशींच्या हातची कैची

"कैची डोयानं नाही, हातानं पाहा लागते, बाबू," हे आमच्या दिग्रसच्या शाळेतल्या माळीण मावशींचं ठरलेलं वाक्य. बोलताना त्या हवेतच दोन्ही हातांनी कात्री चालवून दाखवायच्या. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

मी त्या शाळेत कारकून. एका वर्षी जुनी कात्री मोडली आणि मी शहाणा, मावशींना न विचारताच नवी घेऊन आलो. लाल मुठी, चकाचक पाती. काय तोरा होता माझा! पण ती जड, खिळा घट्ट. आठवड्यात मावशींची मनगटं सुजली. कुंपणाची मेंदी अर्धी कापलेली, अर्धी विस्कटलेली. मुख्याध्यापक वैतागले. "मावशींचे हात गेले आता. दुसरा माणूस बघा."

मी समोरच उभा होतो. कात्रीच वाईट आहे आणि ती मी आणली, एवढंच सांगायचं होतं. नाही सांगितलं. आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या टेबलापाशी आल्या. "चाल बाजारात. कैची बदलवू."

दुकानात त्यांनी दहा-बारा कात्र्या काढायला लावल्या. पदराच्या गाठीतून कापूस काढला, ओला केला आणि प्रत्येकीच्या टोकानं कापून पाहिला. "हे चावून राह्यली, कापून नाही राह्यली." ठेव बाजूला.

दुकानदार कंटाळला. "मावशी, सोयरिक जुळवता काय?"

"सोयरिक एकडाव होते. हे तं मले रोज धरा लागते!"

शेवटी मागच्या फळीवरची धुळकट, लाकडी मुठींची कात्री पसंत पडली. ती त्यांनी माझ्याही हातात दिली. "चालवून पाह्य. खांदा भरते काय?" नव्हता भरत.

दोन दिवसांत मेंदी दोरी लावल्यासारखी सरळ झाली. मुख्याध्यापक एक फेरी मारून गेले. दुसऱ्या माणसाचा विषय संपला. मावशींनी पुढे चार वर्षं काम केलं.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी मी एकदाचं बोललो, "मावशी, सर तुमच्या हातांना नावं ठेवत होते तेव्हा मी तिथंच होतो. गप्प बसलो."

"मले मालूम होतं ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तं तुले सोबत नेलं."

यंदा मावशी गेल्या. बातमी कळली तसा मी मुख्याध्यापकांच्या घरी गेलो. तेही आता निवृत्त. त्यांना सगळं सांगितलं.

"अहो, आता कायले सांगता हे?"

"हात चांगले होते सर त्यांचे," मी म्हणालो.